वाचलेल्या जठराची पुढली वर्षे

आपल्याकडे जठराचा कर्करोग बहुधा उशिरा समोर येतो. वजन उतरलेले असते, दोन घासांत पोट भरते, आणि घरच्यांचा प्रश्न ‘आता किती दिवस?’ असा असतो. पुढच्या पानांत भेटणारे रुग्ण वेगळे आहेत. त्यांतल्या अनेकांना काहीच होत नव्हते. जपानमध्ये किंवा कोरियात नेमाने होणाऱ्या तपासणीत दुर्बिणीला अस्तरावर एक फिकट किंवा लालसर डाग दिसला, तो तोंडावाटे घातलेल्या दुर्बिणीतूनच काढला गेला आणि जठर शाबूत राहिले. अशा माणसांचे पुढे पाच-दहा वर्षांनी काय होते, हा या ग्रंथाचा विषय.

नव्या वाचकाने आधी व्याख्या समजून घ्यावी. १९६२ साली जपानी एंडोस्कोपीतज्ज्ञांनी ठरवले की कर्करोग श्लेष्मल आवरणात किंवा लगतच्या खालच्या थरात थांबला असेल, तर तो प्रारंभिक. लसिका ग्रंथींत पोचलेला असो वा नसो. ही पुस्ती विचित्र वाटते खरी, पण सगळा पेच तिच्यातच आहे. दुर्बिणीतून डाग निघतो, ग्रंथी निघत नाहीत. मग त्या कोणाच्या निर्धोक आहेत हे आधी कसे कळावे? उत्तर मिळाले ते शस्त्रक्रियागृहांच्या दप्तरातून. २००० साली गोतोदा आणि सहकाऱ्यांनी जठर काढलेल्या ५,२६५ रुग्णांच्या नोंदी तपासल्या. श्लेष्मल आवरणापुरत्या, सुविभेदित आणि व्रण नसलेल्या ९२९ कर्करोगांपैकी एकही, आकार कितीही असला तरी, ग्रंथींपर्यंत गेलेला नव्हता. सुमारे तेव्हाच टोकाला सिरॅमिकचा गोळा असलेली सुरी टोकियोच्या राष्ट्रीय कर्करोग केंद्रात वापरात आली. पूर्वी फासा टाकून मोठा डाग तुकड्यातुकड्यांनी काढावा लागे. आता तो अखंड सोलता येऊ लागला. हीच ‘ईएसडी’. अखंड तुकडा हाती आला की पॅथॉलॉजिस्टला खोली आणि कडा नीट सांगता येतात. माझ्या मते या क्षेत्रातला खरा न्यायाधीश तोच.

दूरच्या निष्पत्तीचा सर्वांत वजनदार आकडा जपानच्या बहुकेंद्री चाचणीचा आहे. निकष रुंदावून निवडलेल्या ४७० रुग्णांत पाच वर्षांचे जीवितप्रमाण ९७.० टक्के आढळले. आकडा लखलखीत आहे, म्हणूनच जपून वाचावा. चाचणीत पंचाहत्तरीपुढचे रुग्ण नव्हते, आणि जीवितप्रमाणात कोणत्याही कारणाने झालेला मृत्यू मोजला जातो. प्रत्यक्ष दवाखान्यात ऐंशी ओलांडलेले लोक येतात; त्यांना हृदयविकार, न्यूमोनिया किंवा दुसराच एखादा कर्करोग गाठतो. त्यांच्या आयुष्यमानावरून ईएसडीची परीक्षा करणे अन्यायाचे आहे.

मला अधिक मोलाचा वाटतो तो दुसरा प्रश्न. जठर काढून टाकले, तर त्यात नवा कर्करोग होण्याचा प्रश्नच उरत नाही. वाचवले, तर ज्या जुनाट दाहातून पहिला डाग उगवला तो दाहही मागे राहतो. हेलिकोबॅक्टर पायलोरी हा जंतू हटवून फरक पडतो का? कोरियातील २०१८च्या चाचणीत औषध घेतलेल्यांपैकी ७.२ टक्के आणि न घेतलेल्यांपैकी १३.४ टक्के लोकांना नवा कर्करोग झाला. पाठपुराव्याचा मध्यक सुमारे सहा वर्षांचा. सगळे अभ्यास इतके स्पष्ट बोलत नाहीत. पण औषधाच्या गटातला तो सात टक्क्यांचा आकडा विसरू नये. जंतू गेला म्हणून वर्षाकाठची दुर्बीण सुटत नाही, आणि ‘बरा झालो’ म्हणणाऱ्या रुग्णाला हे पटवणे सुरी चालवण्याहून कठीण जाते.

भारतात या रोगासाठी राष्ट्रव्यापी चाळणी-तपासणी नाही. इथे असा डाग सापडतो तो बहुधा आम्लपित्तासाठी केलेल्या दुर्बिणीत, योगायोगाने. त्यामुळे आकडे पूर्वेकडचे असले, तरी तो डाग ओळखण्याची नजर इथेच कमवावी लागेल. नवख्या डॉक्टरांनी म्हणून तंत्राचे प्रकरण मागे ठेवून आधी चित्रांचे प्रकरण उघडावे; शल्यचिकित्सकांनी मात्र थेट ‘अपुऱ्या छेदनानंतर काय’ या प्रकरणाकडे वळावे, कारण तिथे दुर्बिणीचा रुग्ण पुन्हा त्यांच्या दारात येतो.