धुकं, ओले कपडे आणि नकाशा: एका दुर्घटनेने बदललेल्या डोंगरी शर्यती

डोंगरातल्या शर्यतींचा इतिहास सांगताना आपण बहुतेक वेळा विक्रमांपासून सुरुवात करतो. १९३२ साली बॉब ग्रॅहॅम यांनी इंग्लंडच्या लेक डिस्ट्रिक्टमधली ४२ शिखरं २४ तासांच्या आत पूर्ण केली, हा असाच एक विक्रम. पण तिथल्या स्पर्धकाच्या पाठपिशवीत नकाशा, होकायंत्र, शिट्टी आणि पाऊस अडवणारं जाकीट सक्तीचं का झालं? त्याचं उत्तर शोधायला विक्रमांकडे नाही, एका दुर्घटनेकडे बघावं लागतं.

पीक डिस्ट्रिक्टमध्ये रोव्हर स्काउटांची 'फोर इन्स' ही चालण्याची स्पर्धा भरायची. अंतर ७० किलोमीटरच्या आसपास. डोंगर तसे बुटके. सर्वांत उंच किंडर स्काउट, तोही ६३६ मीटर, म्हणजे आपल्या कळसूबाईच्या निम्माही नाही. पण माथ्यावर दलदलीचं, उघडंबोडकं पठार. खुणेला झाड नाही, आडोसा नाही. धुकं उतरलं की दिशा हरवलीच. १४ मार्च १९६४ ला तिथे पाऊस आणि सोसाट्याचा वारा होता. त्या स्पर्धेत तीन तरुण गारठून मेले.

या मृत्यूंचा अभ्यास केला ग्रिफिथ प्यू यांनी. १९५३ च्या एव्हरेस्ट मोहिमेतले शरीरशास्त्रज्ञ ते हेच. आता बघा, माणूस जोरात चालतो तोवर शरीर भरपूर उष्णता तयार करतं, म्हणून ओल्या कपड्यांतही तग धरतो. दमला की वेग कमी होतो, उष्णता घटते. वारा मात्र तेवढीच ओढून नेत राहतो. इथून घसरण सुरू होते. नुसती थंडी नव्हे, तर ओल, वारा आणि थकवा, या तिघांची युती माणसाला मारते.

आणि इथेच नकाशा येतो. वाट चुकलेला माणूस थांबतो. थांबला की गारठतो. गारठला की आधी डोकं मंदावतं, मग पुढचा निर्णयही चुकतो. म्हणजे दिशा ओळखता येणं हे कौशल्य शर्यत जिंकण्यापुरतं नाही. अंग गरम ठेवण्याचा तो एक उपायच आहे.

त्याच वर्षी पीक डिस्ट्रिक्टमधल्या बचाव पथकांची एकत्रित संघटना उभी राहिली. १९६८ मध्ये गेरी चार्नली यांनी दोन दिवसांची डोंगरी मॅरेथॉन सुरू केली. दोघांची जोडी, तंबू आणि अन्न पाठीवर, वाट आपली आपण शोधायची.

या पद्धतीची खरी परीक्षा ऑक्टोबर २००८ मध्ये झाली. बॉरोडेलमध्ये मुसळधार पावसाने हीच स्पर्धा बंद करावी लागली. सतराशेहून अधिक लोकांचा पत्ता नाही, अशा बातम्या झळकल्या. प्रत्यक्षात बरेच जण तंबूत, गोठ्यात, शेतघरांत आसरा घेऊन होते. एकही मृत्यू झाला नाही.

आता आपल्याकडेही पावसाळ्यात सह्याद्रीत धावणारे वाढलेत. आपल्याकडे बर्फ नाही, हे खरं. पण बर्फ लागतोच कुठे? जुलैतलं धुकं, माथ्यावरचा वारा आणि अंगाला चिकटलेला सुती टी-शर्ट आपल्याकडेही आहेच. तेव्हा आयोजकांनी सामानाची यादी हातात दिली, तर तिला कटकट म्हणू नका. त्या यादीमागे तीन तरुणांचे जीव आहेत.