ताटावरून मोजलेली गरिबी: दांडेकर, रथ आणि सुखात्मे

मंडळी, आज आपण एका आकड्याचा इतिहास पाहणार आहोत. आकडा आहे २२५०.

जानेवारी १९७१. पुण्याच्या गोखले संस्थेतले अर्थशास्त्रज्ञ वि. म. दांडेकर आणि नीळकंठ रथ यांचा भारतातल्या दारिद्र्यावरचा अभ्यास ‘इकॉनॉमिक अँड पोलिटिकल वीकली’त दोन भागांत छापून आला. त्यांचा प्रश्न साधा होता. माणसाच्या पोटात रोज २२५० कॅलरी जायच्या, तर एकूण खर्च किती करता यायला हवा? १९६०-६१च्या भावांनी उत्तर आलं: खेड्यात माणशी वर्षाला १८० रुपये, शहरात २७०. आणि एवढंही ज्यांना जमत नव्हतं असे लोक खेड्यात सुमारे ४० टक्के, शहरात ५० टक्के.

या हिशेबाला आव्हान मिळालं तेही पुण्यातूनच. पां. वा. सुखात्मे हे संख्याशास्त्रज्ञ, दांडेकरांसारखेच साताऱ्याकडचे. राष्ट्रसंघाच्या अन्न व कृषी संघटनेत त्यांनी जवळजवळ वीस वर्षं काढली होती. ते म्हणाले, तुम्ही धरलेला आकडा सरासरीचा आहे. निरोगी माणसाची गरजसुद्धा रोज सारखी नसते. शरीर काही मर्यादेत जुळवून घेतं. मग सरासरीपेक्षा कमी खाणारा प्रत्येक जण उपाशी कसा धरायचा? रेघ सरासरीच्या बरीच खाली हवी.

आता बघा, रेघ खाली सरकली की कागदावरचे लाखो उपाशी लोक एका दमात कमी होतात. दांडेकरांना हे पटलं नाही, त्यांनी लेख लिहून उत्तरं दिली. सी. गोपालन यांच्यासारख्या पोषणतज्ज्ञांनीही हरकत घेतली. शरीर जुळवून घेतं खरं, पण कशाच्या बदल्यात? मूल खुजं राहतं, मजुराच्या हातून काम कमी होतं. याला निरोगीपणा म्हणायचं का?

सुखात्म्यांची दुसरी बाजूही आपण विसरता कामा नये. पाणी घाण असेल, मुलाला सारखे जुलाब होत असतील, तर खाल्लेलं अंगी लागत नाही, हे ते परोपरीनं सांगत राहिले. नुसतं धान्य वाटून भागणार नाही, ही त्यातली शिकवण आजही खरी आहे.

१९७९ मध्ये नियोजन आयोगाच्या कार्यगटानं खेड्यासाठी २४००, शहरासाठी २१०० कॅलरी धरल्या. वाद मिटला नाही, पण गरिबी ताटापासून मोजायची, हे मात्र रूढ झालं. दांडेकर-रथांनी सुचवलेला उपाय होता गरिबांना काम देण्याचा. महाराष्ट्राचा रोजगार हमी कायदाही १९७९ मध्येच अमलात आला. त्याबद्दल आपण पुढच्या व्याख्यानात बोलू.