आधी बुश, मग टायर

कवितेच्या माणसाने मोटारीच्या टायरविषयी बोलावं, याचं तुमच्यापैकी काहींना नवल वाटेल. पण माझं बालपण कवितेत गेलेलं नाही. ते गेलं घाटकोपरला, टॅक्सीच्या मागच्या सीटवर. अब्बा काळी-पिवळी चालवायचे. गाडीच्या कागदांवर काहीही नाव असो, त्या गाडीला सगळी मुंबई फियाटच म्हणायची.

रोज सकाळी गाडी सुरू करण्याआधी अब्बा खाली वाकून पुढच्या दोन्ही टायरांवरून तळहात फिरवायचे. एकदा बाहेरून आत, एकदा आतून बाहेर. घोडेवाला घोड्याच्या मानेवरून हात फिरवतो, तसे हे गाडीचे लाड करताहेत असं मला वाटायचं. ते लाड नव्हते. ती तपासणी होती. पण हे कळायला मला पन्नाशी उलटावी लागली आणि दोन नवे टायर वाया घालवावे लागले.

२०११ साली अब्बा गेले. मागे १९९६ची एक खासगी पद्मिनी राहिली, जी त्यांनी टॅक्सी सोडल्यावर जुनी म्हणून विकत घेतली होती. आणि एक लांबट, पुठ्ठ्याची वही राहिली. गाडी मी चालवत राहिलो. वही कपाटात ठेवून दिली. चाळली तेव्हा तिच्यात पेट्रोल, टायर आणि किलोमीटर यांखेरीज काही दिसलं नव्हतं.

तीन वर्षांपूर्वी गाडी डावीकडे ओढू लागली. स्टिअरिंग जरा सैल सोडलं की निघालीच फुटपाथकडे. पाहिलं तर पुढचा डावा टायर आतल्या कडेने अगदी गुळगुळीत झालेला, बाहेरच्या कडेची नक्षी मात्र शाबूत. जवळच्या एका दुकानात गेलो आणि म्हटलं, दोन टायर बदला आणि अलाइनमेंट करून द्या. त्यांनी ते केलं. संगणकातून निघालेला कागदही हातात दिला. सगळे आकडे हिरव्या रंगात, म्हणजे ठीकठाक. मी निश्चिंत झालो.

आठ महिन्यांनी, ऐन पावसात, विक्रोळीजवळ लाल बहादुर शास्त्री मार्गावर मी जोरात ब्रेक लावला आणि गाडी डावीकडे घसरली. सायकलवरून चाललेला एक शाळकरी मुलगा हातभर अंतराने वाचला. त्याने मागे वळून पाहिलंसुद्धा नाही. माझे मात्र पाय थरथरत होते. गाडी कडेला घेऊन छत्री धरून खाली वाकलो. नवा टायर आतून खाल्लेला होता, जुन्यासारखाच.

जिथे उभा होतो त्या रस्त्याला जुनी माणसं अजून आग्रा रोड म्हणतात. पाऊस थांबेपर्यंत तिथेच थांबलो आणि एक गोष्ट ध्यानात आली. माझी गाडी जिथे जन्मली ते कुर्ला माझ्या मागे होतं आणि जिथे टायर बनत आले ते भांडुप पुढे.

वालचंद हिराचंद यांनी १९४४ साली प्रीमियर ऑटोमोबाइल्स ही कंपनी काढली. आधी अमेरिकेच्या क्रायस्लरशी करार होता, त्यामुळे कुर्ल्यात सुरुवातीला डॉज, प्लिमथ अशा भल्याथोरल्या गाड्या जोडल्या जात. मग फियाटशी संबंध जुळला आणि १९५४ पासून फियाट ११०० ही आटोपशीर गाडी इथे तयार होऊ लागली. तीच पुढे १९६४च्या सुमारास ‘डिलाइट’ झाली, सत्तरीच्या दशकाच्या आरंभी ‘प्रेसिडेंट’ आणि १९७४ पासून ‘पद्मिनी’. नावं बदलत गेली, पण १०८९ सीसीचं इंजिन आणि स्टिअरिंगखालचा गिअर तोच राहिला.

इकडे १९५८ साली मुंबईत सिएट टायर्स ऑफ इंडिया ही कंपनी स्थापन झाली. तिचा कारखाना उभा राहिला भांडुपला. आता गंमत बघा. फियाट या नावातलं शेवटचं अक्षर ‘ट’ म्हणजे तोरिनो, इटलीतलं तुरीन शहर. आणि सिएटमधला ‘ट’सुद्धा तोच. ‘कावी एलेत्रिची ए आफिनी तोरिनो’, म्हणजे ‘विजेच्या तारा व तत्सम वस्तू, तोरिनो’. नावावरूनच कळतं की, टायरवाल्यांची सुरुवात तारांपासून झाली. तोरिनोची दोन नावं आपल्या उपनगरात एकाच रस्त्याच्या आसऱ्याने येऊन राहिली, आणि अब्बांच्या टॅक्सीखाली चिखल-पाण्यात एकमेकांना भेटली.

पण चाक सरळ का राहत नाही, हा प्रश्न फियाटहून जुना आहे. घोडागाडीचा पुढचा अख्खा आस मध्यावरच्या एका खिळ्याभोवती फिरायचा. वळणावर गाडी कलंडण्याची भीती असे. जर्मनीत म्युनिकच्या लांकेनश्पेर्गर नावाच्या गाडी बनवणाऱ्याने दोन्ही चाकं स्वतंत्र खिळ्यांवर फिरवण्याची युक्ती काढली. तिचं इंग्लंडमधलं पेटंट १८१८ साली रुडॉल्फ आकरमान यांनी त्याच्या वतीने घेतलं. आणि हे आकरमान कोण? लंडनमधले पुस्तकं आणि चित्रं छापणारे प्रकाशक! आजही जगभरचे इंजिनीअर चाकांच्या या मांडणीला आकरमानचंच नाव देतात. वळताना आतलं चाक लहान वर्तुळावरून जातं, म्हणून ते बाहेरच्यापेक्षा जास्त वळायला हवं. तसं झालं नाही तर एक चाक घासत जाणार, हे त्यातलं तत्त्व.

सरळ रस्त्यावरही चाकांचे तीन कोन सांभाळावे लागतात. वरून पाहिलं तर पुढची चाकं किंचित आत किंवा बाहेर वळलेली दिसतात, त्याला ‘टो’ म्हणतात. समोरून पाहिलं तर चाकाचा माथा आत किंवा बाहेर कललेला असतो, तो ‘कॅम्बर’. आणि चाक ज्या आसाभोवती वळतं, त्याचा पुढे-मागे कल म्हणजे ‘कॅस्टर’. वळण संपल्यावर स्टिअरिंग आपोआप सरळ येतं, ते मुख्यतः कॅस्टरमुळे.

हे कोन बिघडले की टायर ते लिहून ठेवतो. दोन्ही कडा झिजल्या आणि मध्य शाबूत असेल तर हवा कमी आहे. मध्यच झिजला तर हवा जास्त. एकच कड झिजली तर बहुधा कॅम्बर बिघडलेला. जागोजाग वाटीसारखे खळगे पडले तर शॉक-अब्सॉर्बर गेलेला असू शकतो. आणि नक्षीच्या प्रत्येक पट्टीला करवतीसारखी धार आली तर टो बिघडलेला. बाहेरून आत हात नेताना गुळगुळीत आणि आतून बाहेर आणताना खरखरीत लागलं, तर चाकं गरजेपेक्षा जास्त आत वळलेली. उलट लागलं, तर बाहेर. अब्बांचा तळहात सकाळी हेच वाचत असे.

आता एक छोटा हिशेब करू. पद्मिनीच्या चाकाची उंची साधारण ६० सेंटिमीटर. त्यातलं एक चाक सरळ रेषेपासून फक्त ३ मिलिमीटर तिरकं आहे असं धरा. ३ला ६००ने भागलं तर येतात हजारातले पाच. म्हणजे गाडी एक किलोमीटर पुढे गेली की ते चाक हिशेबाने ५ मीटर आडवं घासलं जातं. कुर्ला ते मुलुंड हे अंतर साधारण १६ किलोमीटर. एका फेरीत ८० मीटर! पाटीवर खडू आडवा धरून ८० मीटर ओढला तर त्याचं काय उरेल? टायर रबराचा असतो, म्हणून तो आठ महिने तरी टिकतो.

त्या संध्याकाळी घरी आल्यावर मी कपाटातून अब्बांची वही काढली. खरं सांगायचं तर काही शोधण्यासाठी नाही. त्या मुलाचा चेहरा डोळ्यांपुढून जात नव्हता आणि अशा वेळी अब्बांचं अक्षर पाहावंसं वाटलं. मी बी.ए. झालो तेव्हा त्यांनी मला पेन आणून दिलं होतं. ते स्वतः जेमतेम चौथी शिकलेले, पण अक्षर मात्र टपोरं. पानं उलटता उलटता १९८३च्या एका नोंदीवर थांबलो. ‘डावा पुढचा आतून खाल्ला. आधी बुश, मग अलायमेंट, मग टायर.’ खाली किलोमीटरचा आकडा. बस.

बारा वर्षं ती ओळ माझ्या घरात होती. जगभरच्या कविता मी ओळीओळीने वाचल्या आणि ही ओळ नुसती हिशेब समजून बाजूला ठेवली.

दुसऱ्या दिवशी गाडी हळूहळू चालवत कुर्ल्याला सी.एस.टी. रोडवर नेली. जुन्या गाड्यांचे सुटे भाग मिळण्याचं ते जुनं ठिकाण. तिथल्या एका वयस्कर उस्तादांना आधी तो हिरवा कागद दाखवला. त्यांनी तो दोन्ही हातांनी धरून नीट वाचला. म्हणाले, “साहेब, कागद खोटा नाही. पण कागद काढला तेव्हा गाडी उभी होती.”

मग त्यांनी गाडी जॅकवर घेतली. चाक वर आणि खाली धरून हलवलं. चाक हललं. त्यांच्या पोराला आत बसवून ब्रेक दाबायला सांगितलं आणि पुन्हा हलवलं. तरीही हललं. बेअरिंगची ढिलाई असती, तर ब्रेक दाबल्यावर ती गेली असती. म्हणजे दोष पलीकडे होता. मग चाक डावीकडून-उजवीकडून धरून टाय-रॉडचे सांधे पाहिले. ते घट्ट होते. शेवटी पहार लावली आणि खालच्या आर्मचे बुश मला दाखवले. बुश झिजून भोक मोठं झालं होतं. गाडी धावताना, खड्ड्यात आपटताना आणि ब्रेक लागताना तो आर्म आपली जागा सोडायचा, चाकाचा तळ बाहेर सरकायचा, माथा आत कलायचा आणि सगळा भार टायरच्या आतल्या कडेवर यायचा. उभ्या गाडीचे कोन बरोबर लावून या आजाराला काय होणार?

दुकानदाराला दोष देऊन मी मोकळा झालो असतो. सांधे तपासल्याशिवाय अलाइनमेंट करू नये, हा धंद्यातला साधा नियम आहे. पण मीही दुकानात जाऊन गाडी ओढते असं सांगितलं नव्हतं. टायर बदला, इतकंच सांगितलं होतं.

बुश बदलले. त्यानंतर उस्तादांनी संगणकाकडे पाठवण्याआधी आपल्या पद्धतीने टो पाहिला. अब्बाही तसंच करायचे, हे तेव्हा आठवलं. चाक उचलून फिरवायचं, टायरच्या मधोमध खिळा टेकवून सभोवार एक बारीक रेघ ओढायची. दोन्ही चाकांवर अशी रेघ झाली की गाडी खाली घ्यायची, थोडी मागे-पुढे ढकलायची म्हणजे चाकं आपल्या जागी बसतात. मग चाकाच्या मध्याच्या उंचीवर दोन रेघांमधलं अंतर पुढून मोजायचं आणि मागूनही. दोन अंतरांतला फरक म्हणजे टो. टाय-रॉडची नळी फिरवून तो कमी-जास्त करायचा. नंतर संगणकावर मोजलं तेव्हा उस्तादांचा आकडा जवळजवळ बरोबर निघाला. कॅम्बर आणि कॅस्टर मात्र यंत्राशिवाय इतके नेमके कळत नाहीत, हे त्यांनीच मला सांगितलं. जुन्या माणसाला यंत्राचा राग असतो असं आपण उगाच समजतो.

कुर्ल्यात आता पद्मिनी बनत नाही. या शतकाच्या उंबरठ्यावरच तिचं उत्पादन थांबलं. टॅक्सींना आधी २५ वर्षांची आणि मग २० वर्षांची वयोमर्यादा आली. पद्मिनीची शेवटची टॅक्सी ताडदेवच्या आरटीओत २९ ऑक्टोबर २००३ला नोंदली गेली होती. तिची वीस वर्षं भरली आणि ३० ऑक्टोबर २०२३ पासून मुंबईच्या रस्त्यावर पद्मिनी टॅक्सी अधिकृतपणे उरली नाही. वर्तमानपत्रांत फोटो आले, लोकांनी हळहळ व्यक्त केली. मीही केली. पण त्या गाड्या इतकी वर्षं रस्त्यावर राहिल्या, त्या हळहळीमुळे नव्हे. रोज सकाळी कुणीतरी वाकून टायरवरून हात फिरवत होतं, म्हणून राहिल्या.

माझी गाडी आता स्टिअरिंग सैल सोडलं तरी सरळ जाते. सर्वांत शेवटी टायर बदलले. अब्बांच्या वहीत कोरी पानं बरीच आहेत. पहिल्या कोऱ्या पानावर मी तारीख घातली, किलोमीटरचा आकडा लिहिला आणि खाली नोंद केली: ‘डावा पुढचा. बुश नवे. मग अलाइनमेंट. मग टायर.’ त्यानंतर चार हजार किलोमीटर झाले. रोज सकाळी हात फिरवतो. अजून तरी दोन्ही बाजूंनी सारखाच लागतो.

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)