आबांची काडतुसं

बीडहून निघून घाट चढला की मांजरसुंबा येतं. एक वाट सोलापूरकडं, एक नगरकडं, एक अंबाजोगाईकडं. चौकाच्या मागं बालाघाटाचा माळ. सीताफळाची झाडं, मोर, हरणं आणि रानडुकरं. आमचं रान त्या माळाला लागूनच होतं.

आबांच्या वडिलांकडं ठासणीची बंदूक होती. तेव्हा बीड निजामाच्या राज्यात होतं. नळीत दारू घालायची, चिंधी कोंबायची, छर्रे टाकायचे, गजानं ठासायचं, टोपी बसवायची. तोवर डुकरं अर्धं वावर लोळवून पसार. 1948 ला पोलीस ॲक्शन झाली, निजाम गेला. पुढं 1959 चा शस्त्र कायदा आला. त्यात शेतकऱ्याची आठवण ठेवलेली आहे. पीक राखण्यासाठी ठासणीच्या बंदुकीचा परवाना मिळण्याची सोय त्याच्या 13 व्या कलमात आहे. आबांनी मात्र हेलपाटे घालून बारा बोअरचा परवाना मिळवला. बारा बोअर म्हणजे काय, हे मला त्यांनीच सांगितलं. नळीत बरोबर बसतील अशा शिशाच्या बारा गोळ्या केल्या तर त्यांचं वजन एक रतल भरतं. बारा इंच की बारा गोळ्या, यावर पारावर पैजा लागायच्या.

काडतुसं आणायची म्हणजे शहर गाठायचं. दुकानदार परवान्यावर नग लिहायचा, शिक्का मारायचा. पुण्याजवळच्या खडकीच्या कारखान्याचा माल. आबा परवान्यावर मिळतील तेवढी सगळी एकदम आणायचे. एसटीचं भाडं वाचायचं आणि सुगीत काडतुसं संपायची धास्ती राहायची नाही. पण एकदम आणण्यातही खोट होती. तेव्हाची नळी कागदाची, बूड पितळी. पावसाळ्यात ओल लागली की कागद फुगायचा आणि काडतूस नळीत शिरायचंच नाही. म्हणून आजीनं ती ज्वारीच्या कणगीत पुरून ठेवली होती. घरात धान्याखालोखाल जपलेली वस्तू तीच.

जागलीला आबा गोफण आधी उचलायचे, बंदूक शेवटी. "आरं, बार जनावर उठवायला असतो, पाडायला न्हाई," म्हणायचे. एका बाराला मजुराची मजुरी जायची, हेही कारण होतंच. 1972 च्या दुष्काळात राखायला पीकच नव्हतं, बंदूक खुंटीवर राहिली. त्याच वर्षी वन्यजीव संरक्षण कायदा झाला. हरणाकडं नळी रोखणं आता गुन्हा होता. आम्हा पोरांच्या वाट्याला रिकामी पितळी बुडं यायची. ओठाला लावून फुंकली की झकास शिट्टी वाजायची.

2004 साली अथेन्सला राज्यवर्धन राठोड यांना रौप्यपदक मिळालं. आबा टीव्हीसमोर बसले होते. उडत्या बशा फुटताना पाहून म्हणाले, "किती बार झाले?" मी हिशेब सांगितला. पहिल्या फेऱ्यांत 150 बशा, अंतिम फेरीत 50. आणि सरावाला तर पेट्याच्या पेट्या. बशांना मातीच्या म्हणतात, पण त्या चुनखडीची पूड आणि डांबर मिसळून करतात, हेही सांगितलं. आबा बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "एवढ्यात आपली चार पिढ्यांची जागल झाली असती." रागानं नव्हे, नवलानं.

आबा गेले, पुढं वडीलही गेले. परवाना माझ्या नावावर करून घ्यायचं राहून गेलं, बंदूक नियमाप्रमाणं जमा केली. डिसेंबर 2024 मध्ये केज तालुक्यातल्या मस्साजोगचे सरपंच संतोष देशमुख यांचा निर्घृण खून झाला आणि आमच्या जिल्ह्यातले शस्त्रपरवाने राज्यभर चर्चेत आले. कमरेला पिस्तूल लावून फोटो काढणारी पोरं सगळ्यांनी पाहिली. एका पाहुण्यानं मला सुचवलं, "घरात वारसा हाय, परवाना करून घे. वजन राहतं."

मी नाही म्हणालो. आमच्या घरात बंदुकीचं वजन ज्वारीच्या कणगीत होतं, कमरेला नव्हतं. डुकरं अजून येतात. मी पत्र्याचा डबा बडवतो.