सुट्टीपुरता गावातला

२९ नोव्हेंबर २०१६, मंगळवार, कार्तिकी अमावास्या. पहाटेचे साडेपाच वाजलेत आणि तुम्ही नांदेड जिल्ह्यातल्या लोह्यात आहात. उजाडायला अजून तास आहे, तरी बँकेपुढं रांग लागलीय. पाचशे-हजाराच्या नोटा बंद होऊन तीन आठवडे झाले. तुमच्या खिशात आधार कार्डाची झेरॉक्स. पुढचा माणूस नंबराला चप्पल ठेवून चहाला गेलाय. कापूस वेचणाऱ्या बायकांची मजुरी थकलीय. द्यायची कशानं?

याच घटकेला जम्मूजवळ नगरोट्यात पोलिसांच्या वेशातले तिघे लष्करी तळात शिरतात. हातबॉम्ब फेकत, गोळीबार करत ते अधिकारी आणि त्यांची कुटुंबं राहतात त्या दोन इमारतींत घुसतात. दोन बायका, दोन लेकरं आणि बारा जवान आत अडकतात. त्यांची सुटका होते, तिन्ही हल्लेखोर मारले जातात. पण लष्कराचे सात जण जातात. त्यांत पंढरपूरचे मेजर कुणाल गोसावी आहेत. आणि आडनाव आधी लावलेलं एक नाव आहे : लान्स नायक कदम संभाजी यशवंतराव, वय ३२, मुक्काम जानापुरी, तालुका लोहा.

पुढं ही बातमी रांगेतही येते. कुणीतरी म्हणतं, "आपल्याच तालुक्यातलं पोरगं हाय की वो!"

इथून नगरोटा जवळपास दोन हजार किलोमीटर. फौजेतला माणूस गावाला सुट्टीपुरताच मिळतो : वर्षाची साठ दिवस रजा, वर थोडी किरकोळ. त्यातलेही दिवस प्रवासात जातात. नांदेड स्टेशनावर सचखंड एक्स्प्रेसपाशी उभे राहा, असे कितीतरी दिसतील. बारीक कापलेले केस, काळी ट्रंक, तिच्यावर पांढऱ्या रंगात नंबर, हुद्दा, नाव. पोचवायला आलेला भाऊ ट्रंक सीटखाली सरकवून साखळी लावतो, दोनदा ओढून बघतो. पुण्या-मुंबईला कामाला गेलेला सणासुदीला येऊन जातो, नाही आला तर निदान भांडता तरी येतं. फौजी रजा मंजूर झाली तरच येतो, हे गावानं कधीच मान्य केलेलं असतं.

आता थोडं पुढं या. जानापुरीत तिरंग्यात गुंडाळलेली पेटी आलीय. बंदुकांची सलामी, 'अमर रहे'च्या घोषणा. नगरोटा नकाशात दाखवता येणार नाही अशी म्हातारी माणसंही आज ते नाव बिनचूक घेताहेत. शहीद हा शब्द माईकवर सारखा ऐकू येतो. मला मात्र गावकऱ्यांचं आपसातलं बोलणं जास्त खरं वाटतं : मागच्या सुट्टीत कुठं भेटला होता, काय म्हणाला होता.

पुढची अमावास्या येळवशीची, म्हणजे वेळा अमावास्या. तिच्या तोंडावर माळेगावची खंडोबाची यात्रा भरते. घोडे, गाढवं, उंट येतात, भंडारा उधळतो. तालुक्यातले फौजी जमलं तर रजा याच दिवसांना धरून टाकतात. यात्रेत ते भेटले, 'कधी आलास?' झालं, की दुसरा प्रश्न ठरलेला असतो. विचारा तुम्हीही : "किती दिवस हाईस?"