ॲल्युमिनियम नसलेली तुरटी

तुरटी हे नाव जिभेने ठेवले. संस्कृतात ‘तुवर’ म्हणजे तुरट, त्यावरून ‘तुवरी’. आपली तूरही त्याच नावाची. फटकडी हे नाव मात्र डोळ्यांचे, स्फटिकावरून आलेले. लॅटिनमध्ये तुरटी म्हणजे ‘अल्युमेन’. त्यावरून हम्फ्री डेव्हीने १८०८ मध्ये तिच्यात दडलेल्या धातूचे नामकरण केले. तेच नाव पुढे ॲल्युमिनियम झाले.

रसायनशास्त्रज्ञांनी तुरटीच्याच घडणीचे स्फटिक ॲल्युमिनियमऐवजी दुसरे धातू घालून बनवले, तरी नाव सुटले नाही. क्रोम तुरटी गडद जांभळी, चामडी कमावायला वापरतात ती. ॲल्युमिनियम औषधालाही नाही, पण तुरटीच! तीळ नसलेल्या खोबरेलालाही आपण तेलच म्हणतो की.

आता ही क्रोम तुरटी थंडीच्या कामाला लागली आहे. द्रव हेलियमच्या आधाराने निरपेक्ष शून्याच्या एखाद-दोन अंश वरपर्यंत पोहोचता येते. त्याखाली उतरायची युक्ती १९२६ च्या सुमारास पीटर डिबाय आणि विल्यम जिओक यांना स्वतंत्रपणे सुचली. स्फटिकाला तीव्र चुंबकीय क्षेत्रात ठेवायचे. त्यातले अणू एका दिशेने वळतात, उष्णता बाहेर पडते, ती हेलियमला देऊन टाकायची. मग संपर्क तोडून क्षेत्र हळूहळू उतरवायचे. अणू पुन्हा अस्ताव्यस्त होतात आणि त्यासाठी लागणारी ऊर्जा स्फटिकातूनच ओढून घेतात. जिओक आणि मॅकडूगल यांनी १९३३ मध्ये बर्कलेत गॅडोलिनियम सल्फेट वापरून पाव केल्विन गाठला.

या युक्तीला साधी तुरटी चालत नाही. तिच्यात ॲल्युमिनियमचे इलेक्ट्रॉन सगळे जोडीने असतात, म्हणून चुंबकाला धरायला काही सापडत नाही. क्रोम तुरटीत मात्र क्रोमियमचे तीन इलेक्ट्रॉन एकटे असतात. शिवाय प्रत्येक क्रोमियममागे पाण्याचे बारा रेणू. ते क्रोमियमच्या अणूंना एकमेकांपासून लांब ठेवतात, म्हणून फार खालच्या तापमानापर्यंत ते आपसात रांग धरत नाहीत. निर्वातात हे पाणी उडाले की स्फटिक वाया, म्हणून त्याला धातूच्या डबीत हवाबंद करतात.

या डबीला हे काम करणारी मंडळी ‘सॉल्ट पिल’ म्हणतात, मिठाची गोळी. (आपले मीठही मुळात ‘मिष्ट’, म्हणजे गोड!) २०२३ मध्ये जपानने सोडलेल्या ‘क्रिझम’ या क्ष-किरण दुर्बिणीतला संवेदक अशाच गोळ्यांच्या जोरावर केल्विनच्या विसाव्या हिश्श्यावर, म्हणजे ५० मिलिकेल्विनवर, काम करतो.