संकलन केंद्रापासून बँक खात्यापर्यंत: डेअरीचं एकात्मिक सॉफ्टवेअर कसं चालतं?

महाराष्ट्रात बहुतेक ठिकाणी दुधाचं बिल दहा दिवसांनी निघतं. त्यातला प्रत्येक रुपया मात्र रोज सकाळ-संध्याकाळ डेअरीच्या काट्यावर ठरलेला असतो. पूर्वी हा हिशोब संस्थेच्या वहीत आणि शेतकऱ्याकडच्या कार्डावर लिहिला जायचा. आता अनेक दूध संघ आणि खासगी डेअऱ्या तो सॉफ्टवेअरमध्ये ठेवतात. संकलन, टँकर, प्रक्रिया, विक्री आणि बिलवाटप ही सगळी कामं एकाच नोंदीवर चालवणाऱ्या या व्यवस्थेला एकात्मिक व्यवस्थापन प्रणाली म्हणतात. आणंद इथल्या राष्ट्रीय दुग्धविकास मंडळानंही (एनडीडीबी) सहकारी संस्थांसाठी 'एएमसीएस' नावाची दूध संकलनाची प्रणाली तयार केली आहे.

संकलन केंद्रावर काय होतं?

प्रत्येक उत्पादकाला एक कोड असतो. तो टाकला की काट्यावरचं वजन आणि मिल्क अ‍ॅनालायझरवरचे फॅट, एसएनएफचे आकडे थेट संगणकात जातात. एसएनएफ म्हणजे फॅट सोडून दुधात उरणारे घन पदार्थ: प्रथिनं, लॅक्टोज, खनिजं. सॉफ्टवेअर हे आकडे दरपत्रकाशी जुळवतं आणि पावती छापतं किंवा एसएमएस पाठवतं.

यंत्रं येण्याआधी फॅट काढण्यासाठी गर्बर पद्धत वापरली जायची. त्यात सल्फ्युरिक आम्ल लागतं आणि वेळही जातो. दुधाची 'डिग्री' लॅक्टोमीटरवर पाहिली जायची. आता हे काम मिनिटाभरात होतं.

एका पॉइंटची किंमत किती?

दरपत्रकात फॅट आणि एसएनएफ ०.१ च्या टप्प्यानं मोजतात. या टप्प्याला 'पॉइंट' म्हणतात. गायीच्या दुधासाठी ३.५ फॅट आणि ८.५ एसएनएफ ही पायाभूत गुणवत्ता धरली जाते. त्याखाली गेल्यास दर कापला जातो.

समजा, ३.५/८.५ ला ३० रुपये दर आहे आणि एसएनएफच्या प्रत्येक पॉइंटला ५० पैसे कपात आहे. यंत्रानं ८.५ ऐवजी ८.३ दाखवलं, तर लिटरमागे १ रुपया गेला. दोन्ही वेळा १२-१२ लिटर दूध घालणाऱ्याचे दिवसाला २४ आणि दहा दिवसांत २४० रुपये कमी होतात.

काट्याचंही तसंच आहे. काटा १०० मिलीच्या टप्प्यानं वाचत असेल, तर ८.६७ लिटर दूध ८.६ लिटर म्हणून नोंदलं जाऊ शकतं. दर वेळी ७० मिली सुटलं, तर दहा दिवसांत १.४ लिटर दूध हिशोबाबाहेर राहतं.

प्रकल्पाला याचा काय उपयोग?

गावातलं दूध बल्क कूलरमध्ये ४ अंश सेल्सिअसपर्यंत थंड होतं आणि तिथून टँकरनं प्रकल्पात येतं. प्रत्येक टप्प्यावर किती दूध आलं आणि त्यात फॅट किती, याची नोंद होते. १०,००० लिटर दूध म्हणजे साधारण १०,३०० किलो. ३.५ टक्क्यांनी त्यात सुमारे ३६० किलो फॅट हवं. प्रकल्पात ३५० किलोच भरलं, तर १० किलोंचा फरक कुठे पडला, हे शोधावं लागतं: नमुना घेताना, यंत्रात, गळतीत की भेसळीत? नोंदी वेगवेगळ्या वह्यांत असतील, तर हा शोध लांबतो. त्या एका ठिकाणी असतील, तर संशयाचा टप्पा लवकर सापडतो.

पुढे पिशवीवरच्या बॅच क्रमांकावरून तो माल कोणत्या दुधापासून बनला आणि कोणत्या वितरकाकडे गेला, हे कळतं. तक्रार आली तर तेवढाच माल परत बोलावता येतो.

पैशांचा हिशोब कसा जुळतो?

बिलातून पशुखाद्य, उचल आणि कर्जाचे हप्ते वजा होतात. अनेक सहकारी संघ दिवाळीआधी दर फरक देतात. कोल्हापूरचा 'गोकुळ' हे त्याचं ठळक उदाहरण. त्यासाठी प्रत्येकानं वर्षभरात किती दूध घातलं, याची नोंद लागते.

सरकारी अनुदानही आता याच माहितीवर अवलंबून आहे. २०२४ च्या सुरुवातीला राज्य सरकारनं गायीच्या दुधाला लिटरमागे ५ रुपये अनुदान दिलं. ते मिळण्यासाठी बँक खातं आधारशी जोडलेलं असणं आणि जनावराच्या कानातल्या १२ अंकी टॅगची नोंद असणं आवश्यक होतं. नाव, खातं किंवा टॅग यांत चूक असेल, तर दूध घालूनही अनुदान अडकू शकतं.

सॉफ्टवेअर काय करू शकत नाही?

मिळालेला आकडा बरोबर आहे का, हे सॉफ्टवेअरला कळत नाही. अ‍ॅनालायझर स्वच्छ नसेल, त्याचं कॅलिब्रेशन झालं नसेल किंवा नमुना घेण्यापूर्वी दूध नीट ढवळलं नसेल, तर चुकीचा आकडाच पुढे बिलापर्यंत जातो. यंत्र न जोडता आकडे हातानं भरण्याची मुभा असेल, तर फेरफाराला वाव राहतो. त्यामुळे हातानं भरलेली किंवा नंतर बदललेली नोंद कोणी, कधी केली, हे दिसणारी प्रणाली अधिक विश्वासार्ह ठरते.

उत्पादकानं काय तपासावं?

• प्रत्येक वेळी पावती किंवा एसएमएस घ्यावा आणि तो दहा दिवसांच्या बिलाशी ताडून पाहावा.
• दरपत्रक केंद्रावर लावायला सांगावं. फॅट आणि एसएनएफची कपात वेगवेगळी विचारावी.
• दूध ओतण्यापूर्वी काटा शून्यावर आहे का, ते पाहावं. काट्यावर वैधमापन विभागाचा चालू वर्षाचा शिक्का असावा.
• आकडा अचानक घसरला, तर लगेच त्याच दुधाची फेरतपासणी मागावी. दूध एकदा कूलरमध्ये गेलं की तपासायला नमुना उरत नाही.